जस्ताचा गोळा

आमच्या वर्गातल्या एकवीस मुलांनी एकाच आठवड्यात एकाच गोळ्याची विशिष्ट उष्णता काढली, आणि एकवीसपैकी वीस जणांना ती ०.०९३ आली. दशांश चिन्हानंतर तीन घरं आणि तिन्ही घरांत वीस मुलांचं एकमत. एवढी एकी मी पुढे कोणत्या लग्नाच्या बैठकीत पाहिली नाही, ग्रामपंचायतीत तर नाहीच. एकविसावा मी होतो. मला ०.०५५ आली, आणि त्या एका आकड्यापायी मी मॅट्रिकच्या परीक्षेला बसतो की नाही, असा प्रसंग आला.

शाळा सुटली तशी विशिष्ट उष्णताही सुटली असे वाचक बहुसंख्य असतील, म्हणून थोडक्यात सांगतो. पाण्याच्या मानानं एखादा धातू तापायला किती उष्णता खातो, त्याचा तो आकडा. गोळा वाफेत तापवायचा, तांब्याच्या भांड्यातल्या थंड पाण्यात सोडायचा, हलक्या हातानं ढवळायचं आणि पाणी किती अंश चढलं ते बघायचं. गोळ्यानं गमावलं तेवढं पाण्यानं आणि भांड्यानं कमावलं. हिशेब त्रैराशिकाहून अवघड नाही. अवघड असतं ते डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहिणं.

मी मुर्रीहून गोंदियाला पायी शाळेत जात असे. घरी धानाची शेती. वडील, माय आणि मी. दिवाळी होऊन गेली होती आणि कापणी सुरू होती. अंगणात धानाचे भारे येऊन पडत, सगळ्या घराला ओल्या तणसाचा वास असे, आणि जेवताना भाताच्या घासात कधीमधी कुसळ येई. जंक्शनच्या बाजूनं इंजिनांच्या शिट्ट्या ऐकू येत. लढाई चालू असल्यामुळे मालगाड्या वाढल्या होत्या. मी दुपारच्या अर्ध्या तासातल्या शिट्ट्या मोजत असे. त्याचा काही उपयोग नव्हता. मोजायची सवय होती, इतकंच.

लढाईनं आमच्या घरात आणखी एक गोष्ट केली होती, आणि या प्रकरणाशी तिचा संबंध आहे. मायकडे तिच्या लग्नातला मोठा पितळी गंज होता. कढी, अंबाडीची भाजी, चिंच घातलेलं लाखोरीचं वरण, जे जे आंबट ते ते त्याच गंजात शिजायचं. पितळेत आंबट शिजवायचं तर आतून कल्हई हवी, नाहीतर पदार्थ कळकतो, हिरवट पडतो, पोटात कळ आणतो. पोळ्याआधी आणि दिवाळीआधी कल्हईवाले करीमचाचा भाता घेऊन दारात यायचे. गंज तापवायचे, नवसागर टाकायचे, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, आणि कथलाची कांडी फिरवून कापसानं पुसलं की गंज आतून चांदीसारखा व्हायचा. मग जपान्यांनी मलाया घेतला आणि कथील यायचं थांबलं. करीमचाचा छत्र्या आणि बादल्या दुरुस्त करू लागले. बाजारात कोणी शिसं मिसळून कल्हई करून देत होते, पण मायनं ती नाकारली. गंज उलटा करून फळीवर ठेवला आणि कढी मडक्यात करू लागली.

आजकाल शहरातून आलेले पाहुणे मातीच्या भांड्यातल्या कढीचं फार कौतुक करतात. कडेला चीर गेलेल्या मडक्यातली, एका बाजूनं धुरकटलेली, अर्धी चुलीत सांडलेली कढी त्यांनी दोन वर्षं खाल्लेली नसते. वडील रोज पहिल्या घासाला म्हणायचे, "गंजातली चव नाही." माय रोज म्हणायची, "मग कथील आनून द्या." दोघांचं खरं होतं आणि दोघांनाही त्याचा उपयोग नव्हता.

शाळेत विज्ञान शिकवायला दातार मास्तर होते. कोट नेहमी स्वच्छ, भाषा त्याहून स्वच्छ, आणि आम्हा झाडीपट्टीच्या मुलांविषयीचं मत सर्वांत स्वच्छ. त्यांच्या कपाटात एका खोक्यात धातूंचे गोळे होते. त्यातल्या एका राखी रंगाच्या गोळ्यावर चिठ्ठी होती, 'जस्त, २५० ग्रॅम.' ती कोणी आणि कधी चिकटवली ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण दरवर्षी तोच गोळा निघे, तोच वाफेत टांगला जाई आणि दरवर्षी ०.०९३ देई. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी कोष्टकात जस्तासमोर तेवढाच आकडा छापलेला होता. मास्तरांच्या मते यावरून प्रयोग अचूक होतो हे सिद्ध होत होतं.

तो कसा अचूक होतो हे मला चैतरामनं समजावलं. चैतराम माझ्या बाकावरचा, वर्गात पहिल्या पाचांत येणारा.

"काऊन बे हेमऱ्या, थर्मामीटरले चिकटून का बसला? उत्तर आधी लिव्ह. मंग खालून वर चढत जा. किती अंश पायजे ते आपोआप निघते."

"मग गोळा कायले तापवायचा?"

"मास्तर पाहून राहतात म्हनून."

खालून वर चढल्यावर पाण्याचं शेवटचं तापमान ३७.५ निघे. वीस वह्यांत ३७.५ होतं. म्हणजे एकोणीस वह्यांत होतं, कारण एका शहाण्यानं आपलं वेगळेपण दिसावं म्हणून ३७.९ लिहून उत्तर मात्र ०.०९३च ठेवलं होतं. त्या आकड्यांचं उत्तर ०.०९६ येतं. मास्तरांनी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली होती.

माझी भानगड वाफेपासूनच सुरू झाली. वाफेतला थर्मामीटर ९९ दाखवत होता, म्हणून मी ९९ लिहिलं.

"पाणी शंभर अंशांवर उकळतं," दातार मास्तर म्हणाले.

"सर, इथं नव्व्याण्णववर उकळते."

"का? गोंदियाचं पाणी काही वेगळं आहे का?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "पाणी तेच आहे सर, गाव उंच आहे. स्टेशनच्या पाटीवर लिहिलं आहे, समुद्रसपाटीपासून हजारावर फूट."

"मग तू स्टेशनावर जाऊन पाणी उकळ," मास्तर म्हणाले, आणि वर्ग पुन्हा हसला. ज्या पुस्तकात पाणी शंभरावर उकळतं असं लिहिलं होतं, त्याच पुस्तकात तीन पानांनंतर उंचावर ते लवकर उकळतं असंही लिहिलं होतं. पण ते पान परीक्षेला नव्हतं.

तापलेला गोळा मी पाण्यात सोडला. पाणी १२० ग्रॅम, भांडं साठ ग्रॅम, सुरुवातीला २६ अंश. गोळा जस्ताचा असता तर पारा सदतिसाच्या वर जायला हवा होता. तो तेहतिसाच्या जरा पुढे, ३३.२ वर जाऊन थांबला. मी ढवळलं, वाट पाहिली, पारा खाली येऊ लागला. उत्तर ०.०५५. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, ०.०५४. तिसऱ्यांदा ०.०५५. चूक माझी असती तर ती इतकी इमानी नसती.

दातार मास्तरांनी वही उघडली आणि माझ्या आकड्यावर बोट ठेवलं, जसं कोणी भातातल्या खड्यावर ठेवतं.

"हे काय आहे?"

"उत्तर, सर."

"जस्ताचं?"

"गोळ्याचं, सर."

त्यांनी वही मिटली. "निसर्गाचे नियम मुर्रीसाठी वेगळे नाहीत, हेमराज. सोमवारी ०.०९३ लिहून आण. नाहीतर माझी सही मिळायची नाही, आणि प्रयोगवहीवर सही नसली तर तुझा परीक्षेचा फॉर्म या शाळेतून जायचा नाही. तुझ्या वडिलांना काय सांगायचं ते तू ठरव."

वडिलांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते खळ्यावर भारे रचत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर म्हनते तर लिव्ह ना बे. एका आकड्यानं का धान कमी पिकते? आमच्या घरून कोनी मॅट्रिक झालं नाही. तू एका गोळ्यासाठी घरी बसून राहशील का?"

मी त्यांच्या हाती भारे देऊ लागलो. तो प्रश्न मला आजही सुटलेला नाही. माझ्या मुलीची प्रयोगवही मी परवा पाहिली. सगळी उत्तरं कोष्टकाशी जुळलेली. विचारलं तर म्हणाली, "बाबा, सर म्हणतात वेळ वाचतो." तीस वर्षांत एवढीच प्रगती झाली आहे, की आता मास्तर स्वतःच खालून वर चढायला शिकवतात.

शनिवारी मधल्या सुट्टीत मी ०.०९३ लिहायला बसलो होतो. हे कबूल केलेलं बरं. टाक शाईत बुडवला होता. शेवटचा एकदा आकडा ताडून पाहावा म्हणून पुस्तकाच्या शेवटचं कोष्टक उघडलं, आणि नजर जस्तावर न जाता त्याच्या वरच्या ओळीवर गेली. शिसे ०.०३१. कथील ०.०५५. जस्त ०.०९३.

कथील. माझी माय ज्याच्यावाचून दोन वर्षं मडक्यात कढी करत होती, ते.

मी घाईनं विश्वास ठेवणाऱ्यांपैकी नाही. पुस्तकातल्या घनतेच्या कोष्टकात पाहिलं. जस्त ७.१, कथील ७.३. हातात घेऊन कोणाला फरक कळणार नाही, रंगानंही कळणार नाही. तापवून पाहिल्याशिवाय हा गोळा आपली जात सांगणार नव्हता, आणि तापवून पाहायची वेळ इतक्या वर्षांत कोणावर आली नव्हती, कारण उत्तर आधीच ठाऊक होतं. त्या दिवशी खोकं आवरून कपाटात ठेवायची पाळी माझी होती. मी चाकूनं गोळ्याची एक ढलपी काढली. तिचं वजन केलं, ०.८ ग्रॅम. कागदाच्या पुडीत बांधली आणि घरी जाताना मायची पितळी पळी घेऊन करीमचाचांकडे गेलो.

ते छत्रीची काडी बसवत होते. ढलपी त्यांनी नखानं दाबली, दाताखाली धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"कहाँ से लाया बेटा?"

"शाळेतून. जस्त आहे म्हणतात."

"कौन बोला?"

"मास्तर."

"मास्टर ने कभी बर्तन माँजा है?" ते म्हणाले आणि उठून त्यांनी भाता चालू केला. किती दिवसांनी तो आवाज ऐकला होता. पळी नीट लालही झाली नव्हती, तोच ढलपी तिच्यावर पाण्यासारखी पाघळली. नवसागराची चिमूट, पांढरा धूर, कापसाचा एक फटकारा, आणि पळीची वाटी आतून लख्ख झाली. "जस्ता इतनी आँच में हिलता भी नहीं. ये रांगा है, खालिस." रांगा म्हणजे कथील. मग पळी हातात तशीच धरून ते हळू म्हणाले, "और कितना है?"

"अडीचशे ग्रॅम."

"या अल्लाह," करीमचाचा म्हणाले. "और उसको उबाल रहे हैं?"

सोमवारी मी वही आणि पळी, दोन्ही घेऊन वर्गात उभा राहिलो. वहीत ०.०५५ तसंच होतं.

"हे काय घेऊन आलास?" दातार मास्तर म्हणाले. "वरण वाढणार आहेस का आम्हाला?"

वर्ग खिदळला. चैतराम मागून म्हणाला, "सर, कढी असंन." मी पळी टेबलावर ठेवली आणि सांगितलं: गोळा जस्ताचा नाही, कथलाचा आहे, कोष्टकातला आकडा जुळतो, आणि त्याची ढलपी काढून कल्हई करून पाहिली आहे, ही बघा. एका दमात सांगितलं. मास्तरांनी पळी उचलली. खिडकीकडे नेली. तिच्यात त्यांचा चेहरा उलटा आणि लांबट दिसत असणार. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि माझी समजूत अशी, की मी आता एका माणसाला आपली चूक कळताना बघतो आहे. वय लहान होतं. ते पळीकडे ज्या नजरेनं बघत होते ती नजर मी घरी रोज बघत होतो, फळीवरच्या गंजाकडे बघणाऱ्या मायच्या डोळ्यांत. स्वयंपाकघर दातार मास्तरांच्याही घरी होतं.

"शाळेच्या वस्तूला चाकू लावलास," ते शेवटी म्हणाले. पण आवाजात धार नव्हती. "याबद्दल तुला काढून टाकता येईल. बस खाली. वही इथं राहू दे. आणि हा प्रयोग यापुढे बंद. गोळा माझ्याकडे द्या."

बारा दिवस वही परत आली नाही. फॉर्मची मुदत जवळ आली. घरी वडील माझ्याशी बोलेनात, आणि माय म्हणाली, "तू कायले पळी घेऊन गेलास? पळी घरातली वस्तू होय." तेराव्या दिवशी वही माझ्या बाकावर होती. 'जस्त' लाल शाईनं खोडून त्यावर 'कथील' लिहिलं होतं. वाफेचं तापमान ९९, तसंच. उत्तर ०.०५५, तसंच. खाली सही. ना शेरा, ना खूण. बाकीच्या वीस वह्यांत जस्त तसंच राहिलं आणि ०.०९३ तसंच राहिलं. कोणाला बोलावून दुरुस्त करायला सांगितलं गेलं नाही. मी त्या दिवशी सबंध वर्गाकडे ज्या तुच्छतेनं पाहिलं, ती आठवली की आजही जरा बरं वाटतं. जरा वेळच.

कारण घरी पोहोचलो तर अंगणात पांढरा धूर होता. करीमचाचा भाता मारत होते, आमचा गंज निखाऱ्यांवर पालथा-उताणा होत होता, आणि माय पदर तोंडाला लावून इतक्या जवळ उभी होती की धुरानं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कथील कुठून आणलं?" मी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं.

"मास्टरजी के घर नौ बर्तन किए," करीमचाचा मान वर न करता म्हणाले. "हेडमास्टर साहब के छह. फिर मास्टरजी बोले, मुर्री में वो लड़का है ना, उसके घर भी एक-दो कर देना."

"गोळा शाळेचा आहे, चाचा."

"बेटा, शाळा में कढ़ी पकती है क्या?"

माय माझ्याकडे वळली. इतकी खूश ती मी मॅट्रिक झाल्यावरही झाली नाही. "एवढे दिवस आकडे करून राहिला होतास," ती म्हणाली, "आता कामाचा आकडा निघाला."

मी त्या वेळी बोलू शकत होतो. गंज विस्तवावरून उतरवा, असं म्हणू शकत होतो. दुसऱ्या दिवशी शाळेत उठून विचारू शकत होतो, की गोळा कुठे आहे. माझी सही झालेली होती, फॉर्म अजून जायचा होता. मी हात-पाय धुवून आत गेलो.

पुढच्या वर्षी चैतरामचा धाकटा भाऊ आमच्याच वर्गात गेला. त्याची प्रयोगवही माझ्या हाती आली. खोक्यात गोळा नव्हता, प्रयोग बंद होता, दातार मास्तरांनी स्वतः बंद केला होता. वहीत मात्र अभ्यासक्रमाप्रमाणे तो होता: जस्त, २५० ग्रॅम, वाफ शंभर अंश, पाणी ३७.५, उत्तर ०.०९३. पुढे बरोबरची खूण. गोळ्यावाचून एक अंशाचाही फरक पडला नव्हता. मी चैतरामला ते दाखवून पोट धरून हसलो, आणि तो म्हणाला, "हसतोस कायले? तुमच्या गंजात आहे ना तो."

तो गंज अजून माझ्या घरी आहे. कल्हई केव्हाच उडाली, नंतर चार-पाचदा नवी झाली, तीही उडाली. मी घरात पाऊस मोजतो, दुधाची घनता पाहतो, पोरांची उंची दर वाढदिवसाला भिंतीवर मांडतो, आणि यावरून घरचे माझी थट्टा करतात. त्या दिवशी कल्हईच्या आधी आणि नंतर गंज तोलला असता तर गोळ्यातलं किती कथील आमच्या वाट्याला आलं, ते ग्रॅमपर्यंत कळलं असतं. धान तोलायचा काटा अंगणातच टांगलेला होता, पण तो जाड वजनांचा, म्हणून ते जमलं नसतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. शाळेचा बारीक तराजू मागून आणता आला असता. मी तो मागितला नाही. संध्याकाळी मायनं कढी केली, वडील पहिल्या घासाला काही बोलले नाहीत, आणि मी किती वाट्या घेतल्या, तेही मोजलं नाही.